विहिरीतून खाली: नववीच्या दगड-प्रकल्पाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

निवडणुकीच्या कामातून मोकळी झाले आणि आज पहिल्यांदा नववीच्या वर्गावर नीट तास घेतला. पृथ्वीचं अंतरंग. फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं: उकडलेलं अंडं मधोमध कापावं तशी पृथ्वी. टरफल म्हणजे भूकवच, पांढरा भाग प्रावरण, पिवळा गाभा. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, हे कोणी पाहिलं?"

"शास्त्रज्ञांनी शोधून काढलं," असं म्हणाले. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, आणि माझंही नाही. कोणीच पाहिलेलं नाही, हे खरं उत्तर होतं. मग कळलं कसं, हे तिला सांगायला हवं होतं.

दुपारी शाळेमागच्या रस्त्याने घरी येताना आप्पांच्या शेतात यारी, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचं यंत्र, उभी दिसली. नवीन विहीर सुरू झाली आहे. डोक्यात तेव्हाच ठरलं. यंदाचा प्रकल्प हाच: आपल्या पायाखाली आपण स्वतः कुठवर पाहू शकतो, आणि जिथे नजर पोचत नाही तिथलं कशावरून कळतं.

२७ नोव्हेंबर

आप्पांना भेटले. त्यांना आधी वाटलं पोरं विहिरीत उतरणार, म्हणून नकोच म्हणाले. आमची अट उलटीच आहे हे सांगितलं: एकही मूल कठड्याच्या दहा पावलांच्या आत जाणार नाही, आणि सुरुंगाच्या वेळी तर शेताकडे फिरकणारही नाही. मग तयार झाले.

यारीवाल्या भाऊंशी असं ठरलं की दर तीन फुटांना एक दगड खताच्या रिकाम्या पिशवीत घालून, वर नंबर टाकून, बांधावरच्या निंबाखाली ठेवायचा. पहिली तीन फुटं म्हणजे पिशवी १. नऊ फूट खोदून झालेच आहेत, तेवढे नमुने कडेच्या कापातून घेतले. आप्पा फुटात बोलत नाहीत, परसात बोलतात, एक परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली. दहा परसांवर पाणी लागायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं.

गटात अकरा मुलं आहेत, सहा मुली, पाच मुलगे.

३० नोव्हेंबर

वरचे तीन फूट काळी माती. त्याखाली नऊ फुटांपर्यंत मुरूम. मुलांना मुरूम म्हणजे रस्त्यावर टाकायची वस्तू एवढंच ठाऊक. आज त्यांनी मुरमातला एक गोळा हाताने सोलला. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे थर सुटत गेले आणि आत लिंबाएवढा काळा टणक दगड उरला. तोच दगड बाहेरून कुजत येतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. आपली काळी जमीन म्हणजे कुजलेला काळा पाषाण. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, कारण दगड कुजून तयार झालेली तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते.

सोललेला गोळा पापुद्र्यांसकट काचेच्या बरणीत ठेवला आहे. संग्रहातला हा पहिला नमुना, आणि माझ्या मते अजून तरी सगळ्यात बोलका.

५ डिसेंबर

पिशवी ४ आणि ५. आता मांजऱ्या लागला. हलका, भोकाभोकांचा, काही भोकं पांढऱ्या पदार्थाने भरलेली. मुलांना विचारलं, भोकं कशाने पडली असतील? किडे, पाणी, मुळं, सगळी उत्तरं आली. मग एकाने भाकरीचं नाव काढलं: तव्यावर भाकरीला फोड येतात तसे. बरोबर. वितळलेल्या लाव्हात वायू मिसळलेले असतात. लाव्हा जमिनीवर पसरला की ते बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागतात, आणि निसटून जायच्या आत वरचा भाग थिजला की बुडबुड्यांच्या जागा तशाच राहतात.

खानदेशातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि तो असाच थरावर थर साचून बनला आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला. पुन्हा पुन्हा वाहिला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. मुलांना ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर आणि टोकावर आग दिसते. इथे बहुतेक लाव्हा भेगांतून आला, रान भरून सपाट पसरला. लळिंगचा किल्ला ज्या डोंगरावर आहे त्याच्या अंगावर पायऱ्यापायऱ्या दिसतात ना, त्या ह्याच थरांच्या.

११ डिसेंबर

चूक झाली, आणि ती नीट लिहून ठेवायला हवी.

लग्नसराईमुळे दोन-तीन दिवस भाऊ नव्हते, दुसऱ्या माणसाने पिशव्या भरल्या नाहीत. मुलांनी उत्साहाने बाहेर टाकलेल्या ढिगातून दगड उचलले. ढिगाच्या वरचा दगड म्हणजे वरचा थर, तळचा म्हणजे खालचा, असं धरून नंबर टाकले. त्यांच्या तक्त्यात वर टणक काळा दगड आणि खाली मांजऱ्या आला. मीही तो तपासून सही केली.

आज भाऊ परतले आणि पिशवी ८ हातात दिली. चोवीस फुटांवरचा दगड, टणक, एकही भोक नाही. तक्ता आणि पिशवी जुळेनात. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक मुलगा ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, जे आधी खणलं ते आधी टाकलं. ते तळाशी गेलं." विहीर ढिगात उलटी पडलेली असते. अख्खा तक्ता खोडला. ढिगातले सगळे नमुने बाजूला काढले, यापुढे फक्त पिशवीतला दगड धरायचा.

एका थरात मांजऱ्या वर आणि टणक गाभा खाली, हा क्रम आता मुलांच्या डोक्यात पक्का बसला. बुडबुडे वर जातात, खाली नाही.

१७ डिसेंबर

अडतीस फुटांवर लाल लागलं!

भाऊंनी मुद्दाम शाळेत निरोप पाठवला. काळ्या दगडाच्या पोटात दीड-दोन फुटांचा विटकरी लाल पट्टा. हाताला मऊ, ओला केला की गेरूसारखा रंग बोटांना लागतो. विहिरी खणणारी माणसं हा थर चांगला ओळखतात. भाऊ म्हणाले, लाल लागलं की खाली दगड बदलतो, हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

मला हा थर फार महत्त्वाचा वाटतो. खालचा लाव्हा थिजला, मग बराच काळ काही आलं नाही. ऊन-पावसाने वरचा भाग कुजला, माती झाली. त्या मातीवर पुढचा लाव्हा आला आणि ती त्याच्या उष्णतेने भाजली गेली. काही ठिकाणी हा थर ज्वालामुखीच्या राखेपासूनही बनलेला असतो. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. म्हणजे दोन उद्रेकांमधल्या उसंतीची खूण आप्पांच्या विहिरीत दोन फूट जाडीची आहे. एका मुलीने विचारलं, त्या मातीवर झाडं असतील का? असू शकतात. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मध्ये काही ठिकाणी तळ्यांतला गाळ, शिंपले, झाडांचे अवशेष सापडलेले आहेत. तिने लाल मातीचा चिमूटभर नमुना कंपासपेटीत ठेवून घेतला. ठेवू दिला.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी चांगली पडली आहे. सकाळी सातला "भिंती"वर निघालो. गावाच्या उत्तरेला ती लांबट टेकडी आहे, तिला सगळे नुसतं भिंत म्हणतात. पूर्व-पश्चिम जाते, थोडी तिरकी, जणू कोणी रानातून बांध घातला आहे. आप्पाही आले. ते म्हणाले, "हाई भित मन्हा आजोबानी बी अशीच दखेल शे."

माथ्यावर रुंदी पावलांनी मोजली, सात भरली. आणि मग मुलांना जे दिसलं त्यासाठी एवढी पायपीट सार्थकी लागली. विहिरीच्या ढिगाजवळच्या नाल्यात बेसाल्टचे खांब उभे आहेत, पाच-सहा कोनांचे. इथे तेच खांब आडवे पडलेले, सरपण रचून ठेवल्यासारखे. असं का, हे मी सांगितलं नाही. दगड थंड होताना आकसतो, तडे जातात, आणि तडे थंड बाजूकडून आत सरकतात, एवढंच आठवून दिलं. थोड्या वेळाने दोघींनी मिळून उत्तर काढलं: लाव्हाचा थर वरून-खालून थंड होतो म्हणून खांब उभे. हा दगड दोन्ही कुशींनी थंड झाला म्हणून आडवे. म्हणजे हा जमिनीवर वाहिलेला नाही, जमिनीच्या आत उभ्या भेगेत भरून थिजला.

ह्याला भूशास्त्रात डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात असे दोनशेहून अधिक डाइक नोंदले गेले आहेत, काही कित्येक किलोमीटर लांब, आणि बहुतेकांची दिशा तापी-नर्मदेच्या खोऱ्यांशी मिळतीजुळती. आजूबाजूचा दगड झिजला, हा टणक उरला, म्हणून भिंत दिसते. आपण शाळेत ये-जा करताना रोज लाव्हाची थिजलेली वाट पाहतो.

भिंतीच्या कडेचा दगड आणि मधला दगड शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. कडेचा इतका बारीक की कण दिसत नाही, मधल्यात पांढुरके बारीक काडीसारखे स्फटिक चमकतात. कडेला पटकन थंड झाला, स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. पांढुरक्या काड्या फेल्डस्पारच्या, काळं ते बहुतेक पायरॉक्सिन. खडक म्हणजे खनिजांचं मिश्रण, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा भिंगातून एकदा बघितलेलं बरं.

उतरताना नाल्याच्या वाळूत जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला. दाढी उगवावी तशी काळी कणी त्याला चिकटली. मॅग्नेटाइट. पोरांनी तास घालवला तिथे.

आप्पा परतताना सहज बोलले: "भितना वरला आंगे पानी ऱ्हास, खाले नही." म्हणजे भिंतीच्या वरच्या बाजूला पाणी असतं, खालच्या नाही. ही गोष्ट तपासायची आहे. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली.

२७ डिसेंबर

लाल थराखालचा मांजऱ्या लागला आणि पाणीही लागलं, बेताळीस फुटांवर. भोकाभोकांच्या दगडात, वर लाल मातीचं झाकण, तिथे पाणी सापडणं योग्यच. आप्पांनी नारळ फोडला. आता इंजिन लावून पाणी उपसत खोदाई हळू चालेल.

पिशवी १५ मध्ये मुठीएवढी पोकळी असलेला दगड आला. ती पोकळी मी आज संध्याकाळी घरी दिव्याखाली अर्धा तास बघत बसले. आतून सगळीकडे पांढरे-गुलाबी पापुद्रे, मधे आवळलेली आणि दोन्ही टोकांना पसरलेली छोटी पेंढी असावी तसे. त्यांच्यावर एका कोपऱ्यात दोन पारदर्शक खडे, चौकोनी, टोकाला उतरते, फिरवले की एक पैलू मोत्यासारखा लुकलुकतो. खाली बुडाशी हिरवट लेप. आधी लेप बसला, मग पेंढ्या वाढल्या, शेवटी खडे. थंड झालेल्या दगडातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्याने हे एकेक करून आणून ठेवलं.

पेंढ्या स्टिल्बाइट, पारदर्शक खडे अपोफिलाइट, असं मला वाटतं. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींमधली ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत गेलेली आहेत. आपल्याकडे खडीच्या क्रशरमध्ये जातात.

२८ डिसेंबर

वर्गात तपासणी. मुलांनी सगळ्या पांढऱ्या खड्यांना गारगोटी असं लेबल लावलं होतं. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये काठिण्याचा एक ते दहा असा क्रम लावला, तो फळ्यावर लिहिला आणि साधनं वाटली: नख, तांब्याचा तुकडा, चाकू, काचेचा तुकडा. खरी गारगोटी काचेवर ओरखडा काढते. आमच्या आठ "गारगोट्यां"पैकी दोनच निघाल्या. तिघांवर चाकूने ओरखडा उठला आणि लिंबाचा रस टाकल्यावर बारीक बुडबुडे आले, ते कॅल्साइट. तिघांवर ओरखडा उठला पण बुडबुडे नाहीत.

ह्या तिघांचा चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवला. दोन मिनिटांत नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब. दगडातून पाणी! झिओलाइट गटातल्या खनिजांच्या स्फटिकरचनेत पोकळ वाटा असतात आणि त्यांत पाणी असतं. तापवलं की ते बाहेर पडतं. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हाच प्रकार पाहून "उकळणारा दगड" अशा अर्थाचं हे नाव दिलं. स्टिल्बाइट ह्याच गटातला, त्यामुळे कालचा माझा अंदाज बळावला.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आजचा दिवस ह्या प्रकल्पातला सगळ्यात मोठा. सविस्तर लिहिते.

ताणकाटा, दोरा, बादली. विहिरीतला टणक काळा दगड (पिशवी १०) हवेत ५८० ग्रॅम भरला, पाण्यात बुडवून ३८०. फरक २००. म्हणजे दगडाएवढ्या पाण्याचं वजन २०० ग्रॅम, आणि ५८० भागिले २०० म्हणजे २.९. हा दगड पाण्याच्या २.९ पट जड. मांजऱ्या त्याहून हलका आला. घरून आणलेल्या लोखंडी खलाचा दस्ता हवेत ७२०, पाण्यात ६२०, म्हणजे ७.२.

मग एक गोष्ट सांगितली. १७९८ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी एका बंद खोलीत तारेला टांगलेल्या दांड्याच्या टोकांना शिशाचे छोटे गोळे लावले, जवळ शिशाचे मोठे गोळे आणले आणि छोटे गोळे किती किंचित ओढले जातात ते दुर्बिणीतून मोजलं. त्यावरून अख्ख्या पृथ्वीची घनता काढली. पाण्याच्या सुमारे साडेपाच पट.

फळ्यावर दोनच आकडे लिहिले. आपला दगड २.९. पृथ्वी ५.५. आणि गप्प बसले.

कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं कॅव्हेंडिशचं चुकलं असेल. कोणी म्हणालं आपला दगड कमी जड निघाला असेल, दुसरा घ्या. दुसरा घेतला. २.९५. तिसरा २.८७. मग पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारी तीच मुलगी उभी राहिली. "मॅडम, वरचं सगळं तीनच्या आत आहे आणि सरासरी साडेपाच आहे. म्हणजे आत काहीतरी साडेपाचच्या खूप वर असणार." आणि टेबलावरचा दस्ता उचलून म्हणाली, "असं काहीतरी."

तिने पृथ्वीचा गाभा पाहिला नाही, पण तो असायलाच हवा हे तिला बादलीतून कळलं. खोलवर दाबामुळे दगड आणखी दाटतो हे खरं, पण नुसत्या दाबाने एवढा फरक भरून निघत नाही. आत मुख्यतः लोखंड आहे, थोडं निकेल आहे. आकाशातून पडणाऱ्या काही उल्का लोखंड-निकेलच्या असतात, तो ह्याला आणखी एक आधार.

७ जानेवारी

माझ्याकडून गेली काही वर्षं एक गोष्ट चुकीची शिकवली गेली आहे. भूकवचाखाली प्रावरण म्हणजे वितळलेल्या लाव्हाचा समुद्र, त्यावर आपण तरंगतो, असं मी सांगत आले. आज वर्गात ते दुरुस्त केलं. मागच्या दोन तुकड्यांची मुलं गावातच आहेत, भेटतील तशी त्यांनाही सांगते आहे.

प्रावरण घन आहे. हे भूकंपाच्या लहरींवरून कळतं. वर्गाच्या लांबीइतका दोर ताणून दाखवलं: ढकलल्यासारखी जाणारी लहर घनातूनही जाते, द्रवातूनही. आडवी हलत जाणारी लहर फक्त घनातून जाते. ही आडवी लहर प्रावरणातून बिनघोर जाते, २,८९० किलोमीटरच्या खाली मात्र जात नाही. म्हणजे तिथून द्रव. ह्या लहरी वेगवेगळ्या ओळखण्याचं काम भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला असलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून केलं, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांनी १९०९ मध्ये कवच आणि प्रावरण यांमधली सीमा दाखवली. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे हे दाखवलं, जो पुढे घन असल्याचं ठरलं. बाईंचं नाव ऐकून मुलींच्या रांगेतली मान वर झाली, हे मला दिसलं.

मग लाव्हा आला कुठून? प्रावरणातला तप्त घन दगड अतिशय सावकाश, वर्षाला काही सेंटिमीटर अशा वेगाने, सरकतो. तो वर येतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की त्याचा थोडा अंश वितळतो. तेवढाच अंश भिंतीसारख्या भेगांतून वर येतो. दख्खनच्या लाव्हाच्या वेळी भारत आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला होता. ज्या तप्त जागेवरून तो सरकला ती आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

१६ जानेवारी

संक्रांतीला माहेरी, यावल तालुक्यात जाऊन आले. तिथे केळीच्या बागेत भावाचा नवीन बोअर चालू होता. यंत्रातून निघतंय काय? पिवळी माती, वाळू, गोटे, परत माती. दगड नाहीच. धुळ्याकडच्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण तापीच्या काठी बेसाल्ट खोल खचलेला आहे आणि वरची दरी तापीने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी गाळाने भरून काढली आहे. तो गाळ शेकडो फूट जाड. केळीचं पाणी त्या वाळू-गोट्यांत साठलेलं, आणि उपसा एवढा की वहिनीच्या सांगण्याप्रमाणे दर दोन-चार वर्षांनी बोअर आणखी खाली न्यावा लागतो. एक पिशवी गाळ घेतला.

परतीच्या आधी अडावदजवळच्या उनपदेवला गेलो. गोमुखातून गरम पाणी येतं. तिथे ज्वालामुखी नाही, आग नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. सातपुड्याच्या पायथ्याला अशा भेगा खोलवर गेल्या आहेत. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात मोठा भूकंपही झाला होता. माझ्या आजीला तो आठवायचा, भांडी फळीवरून पडली एवढंच ती सांगायची.

२५ जानेवारी

उद्याच्या झेंडावंदनासाठी मैदानावर फक्की मारायची होतीच. क्रीडाशिक्षकांकडून अर्धं पोतं जास्त मागून घेतलं.

प्रमाण: एक किलोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ६३ मीटर ७१ सेंटिमीटर. मैदानाच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ ध्वजस्तंभाजवळून पार फाटकापर्यंत गेली. एका टोकाला जमीन, फाटकाशी पृथ्वीचा मध्य. प्रत्येक सीमेवर एक मूल उभं केलं. भूकवच संपतं तिथे उभं राहायला जागाच होईना, कारण ते हातभरही नाही, पस्तीस-चाळीस सेंटिमीटर. प्रावरण २८ मीटर ९० सेंटिमीटरपर्यंत. मग द्रव गाभा ५१ मीटर ५० पर्यंत. उरलेले बारा मीटर घन गाभा, तिथली दोघं फाटकाला टेकून उभी.

माणसाने मारलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियात कोला इथे, १२,२६२ मीटर. रेघेवर सव्वाबारा सेंटिमीटर. आणि आप्पांची विहीर? बावन्न फूट म्हणजे सुमारे सोळा मीटर, रेघेवर ०.१६ मिलिमीटर. एका मुलाने वहीची दोन पानं एकत्र चिमटीत धरली. एवढी.

ती दोन पानं त्याने रेघेच्या सुरुवातीला ठेवली, वर खडा ठेवला उडू नयेत म्हणून. आम्ही सगळे तिथून फाटकाकडे बघत उभे राहिलो.

९ फेब्रुवारी, रविवार

आप्पांच्या म्हणण्याची तपासणी पूर्ण. मुलांनी तीन रविवार फिरून भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या चौदा विहिरींची पाण्याची पातळी मोजली. प्रत्येक ठिकाणी शेताचा मालक कठड्याशी उभा, दोरी त्याच्या हातात, मुलं मागे. वरच्या, म्हणजे उताराकडून पाणी येतं त्या बाजूच्या सातपैकी सहा विहिरींना चांगलं पाणी. खालच्या सातपैकी पाच जवळजवळ कोरड्या. उभा टणक दगड जमिनीखालचा झिरपा अडवतो. जमिनीखालचा बंधाराच तो.

पण खालच्या बाजूच्या दोन विहिरींना पाणी आहे, आणि ह्या दोन आम्ही तक्त्यातून गाळल्या नाहीत. त्यांपैकी एकीच्या मालकाने भिंतीच्या दिशेने आडवे बोअर मारलेले आहेत. दुसरीच्या समोर भिंत फुटलेली दिसते, तिथून पायवाट जाते. डाइक भेगाळलेला असला की तोच पाणी वाहून नेतो. म्हणून "भिंतीखाली विहीर घेऊ नका" असा सरसकट सल्ला द्यायचा नाही, असं मुलांनीच ठरवलं. आडव्या बोअरला पैसे घालण्याआधी भिंत कुठे अखंड आहे नि कुठे फुटली आहे ते चालून बघा, एवढं सांगता येतं. विहिरीसाठी लोक कर्ज काढतात. पाणाड्याच्या नारळाबरोबर हा नकाशाही बघितला जावा, असं मला मनापासून वाटतं.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. लाकडी फळीवर विहिरीचा उभा काप, खऱ्या दगडांचा. एक फूट म्हणजे एक इंच. परीक्षकांनी आमच्या टेबलापाशी फार वेळ दिला नाही. गावकरी मात्र थांबले. आप्पा लाल थरावर बोट ठेवून येईल त्याला समजावत होते, आणि भिंतीचा नकाशा चौघांनी मोबाइलवर काढून नेला.

५ मार्च

पाणी कमी झालं म्हणून आप्पांनी खोदाई पुन्हा सुरू केली आहे. टणक गाभा चालू आहे असं भाऊ रोज सांगत होते. आज शाळा सुटताना त्यांचा मुलगा सायकलवर आला: अठ्ठावन्न फुटांवर परत लाल लागलं.

उद्या सकाळी सातला निंबाखाली. पिशवी क्रमांक २०.